ग्राफिक्स कार्डाचा काय अपराध?

खेळ ऐन रंगात आला असता पडदा काळा पडावा, संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचे खापर तत्काळ खेळणाऱ्याच्या व्यसनावर फोडावे, हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की त्यामागे काही रास्त फिर्याद असू शकेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वास्तविक घरगुती संगणकाची खेळाइतकी कठोर परीक्षा दुसरे काम क्वचितच घेते. जो दोष पोटात ठेवून पत्रव्यवहार आणि हिशेब निर्वेध चालतात, तोच दोष खेळ घटकाभरात चव्हाट्यावर आणतो.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. हे प्रोसेसर अनुक्रमे २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरात बाजारात आले. त्यांतील अनेकांवर अनरियल इंजिनाने रचलेले खेळ सुरू होतानाच कोसळू लागले, आणि पडद्यावर मजकूर झळके तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी पडल्याचा. ज्याच्या कार्डात मेमरी मुबलक, तोही या जबानीवर विसंबून ड्रायव्हर बदली, विंडोज नव्याने चढवी, आणि ऐपत असल्यास कार्डही बदलून पाही. वस्तुस्थिती अशी की खेळाची दाबून साठविलेली सामग्री उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो; त्या आकडेमोडीत तो चुकला म्हणजे सामग्री सदोष निघते, आणि बिचारे इंजिन भलत्याचेच नाव घेते. ही उलगडण्याची ‘ऊडल’ प्रणाली बनविणाऱ्या रॅड गेम टूल्सने २०२४ च्या आरंभी हे जाहीर केले. एप्रिलात ग्राफिक्स कार्डे बनविणाऱ्या एनव्हिडियानेही ग्राहकांस इंटेलचा दरवाजा दाखविला.

मध्यंतरी मदरबोर्ड बनविणाऱ्यांनी वीजमर्यादा सैल सोडल्याचा ठपका ठेवण्यात आला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. परंतु जुलैत इंटेलनेच खुलासा केला की प्रोसेसरातील मायक्रोकोड वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता, ऑगस्टात १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारी दुरुस्ती आली, आणि सप्टेंबरात गाभ्यातील घड्याळ-मंडल अशा दाबाने व उष्णतेने अकाली झिजते हे मान्य झाले. जो प्रोसेसर एकदा झिजला, त्याला या दुरुस्तीने पूर्वस्थिती येत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

माझा आक्षेप दोषाला नाही, इतक्या सूक्ष्म यंत्रात दोष राहणारच. तो पुराव्याचा भार ग्राहकावर लादण्याला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग निवडून जुळविलेल्या संगणकाचा मालक तर सर्वांहून निराधार, कारण प्रोसेसर एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, मेमरी तिसऱ्याची, आणि प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवितो. अशा वेळी दुकानदाराने ग्राहकाच्या खर्चाने एकेक भाग बदलीत जावे, याला तपास म्हणणे कठीण. बायोस मूळ स्थितीत आणावा, मेमरीचा वाढविलेला वेग काढावा, मेमरी चाचणीला लावावी, तापमान पाहावे, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून तिची नोंद ठेवावी. एवढे करूनही खेळ कोसळत असेल आणि प्रोसेसराचा वेग किंचित उतरविताच तो सुरळीत चालत असेल, तर ती नोंद कंपनीने पुरावा म्हणून दाखल करून घेतली पाहिजे. आज ती दाखल करून घेणे न घेणे पलीकडे बसलेल्या कारकुनाच्या मर्जीवर असते.

इंटेलने बंद खोक्यातून विकलेल्या अशा प्रोसेसरांची तीन वर्षांची हमी दोन वर्षांनी वाढविली, ही गोष्ट तिच्या पदरात टाकली पाहिजे. तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेल्या प्रोसेसराची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी बायोस आजच अद्ययावत करावा, आणि खरेदीची पावती, ती ज्या कोणत्या खणात पडली असेल तेथून, शोधून काढावी.