आधी डायल लावा, मग निर्लेखन करा

पॉलिटेक्निक किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये डेडस्टॉक रजिस्टर उघडून निर्लेखनाची यादी करायला घेतली, की कोपऱ्यातल्या जुन्या छोट्या सीएनसी लेथचा नंबर हमखास वर लागतो. शेरा ठरलेला: ‘कंट्रोल नादुरुस्त, सुटे भाग उपलब्ध नाहीत.’ शेरा बहुतेक वेळा खराच असतो. पण बाद झालेला असतो कंट्रोल आणि भंगारात जातो अख्खा लेथ.

या जातीतलं नावाजलेलं यंत्र म्हणजे ऑस्ट्रियातल्या हालाइन गावच्या ‘एम्को’ कंपनीचा ‘कॉम्पॅक्ट ५ सीएनसी’. १९८०च्या दशकात अनेक देशांतल्या शिक्षणसंस्थांनी तो घेतला. आकार टेबलावर मावेल एवढा आणि प्रोग्राम साठवायला चक्क कॅसेट. त्याच्या स्टेपर मोटरची एक फेरी ७२ पावलांत पुरी व्हायची, म्हणजे एका पावलाला ५ अंश. आज बाजारात मिळणारी साधी स्टेपर मोटर तीच फेरी २०० पावलांत करते. कॅसेट गेली, त्या काळच्या चिपही गेल्या. बेड, हेडस्टॉक, बॉल स्क्रू मात्र नीट राखले असतील तर आजही कामाचे आहेत. लोखंडाचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य वेगवेगळं असतं. रजिस्टरात दोघांना मिळून एकच ओळ असते.

म्हणून बाद कंट्रोल काढून त्या जागी संगणक बसवता येतो. पण पहिलं काम संगणक आणण्याचं नाही, डायल इंडिकेटर लावून झीज मोजण्याचं आहे. स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुलतो, ते बघा. सॅडल एका दिशेने आणून स्क्रू उलटा फिरवा आणि किती फिरवल्यावर सॅडल हलते ते मोजा, तो बॅकलॅश. सॅडलखालची गिब म्हणजे सरकपट्टी सैल असेल तर आवळता येते, थोडासा बॅकलॅश नव्या कंट्रोलमध्ये भरूनही काढता येतो. पण चकजवळ, जिथे सगळ्यात जास्त काम होतं तिथे, बेड झिजलेला असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो सरळ करणार नाही. असा लेथ खुशाल निर्लेखित करा.

लोखंड पास झालं तर पुढची वाट मोकळी आहे. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या सरकारी मानक संस्थेने १९९०च्या दशकात यंत्रं चालवणारं एक खुलं सॉफ्टवेअर तयार केलं. त्यातूनच आजचं ‘लिनक्स सीएनसी’ वाढलं. ते फुकट आहे, पण आणला कुठलाही संगणक आणि जोडला, असं होत नाही. मोटरला पल्स ठरल्या क्षणी मिळावी लागते. साधी ऑपरेटिंग सिस्टीम मध्येच दुसऱ्या कामात गुंतली की पल्स उशिरा पडते आणि मोटर पाऊल चुकू शकते. मोटर किती फिरली ते सांगणारा एन्कोडर तिच्यामागे नसेल तर कंट्रोलला याचा पत्ताही लागत नाही. कळतं ते जॉब मापात न बसल्यावर. म्हणून रिअल-टाइम कर्नल लागतो, किंवा पल्स काढण्याचं काम वेगळ्या कार्डावर सोपवावं लागतं.

खरा कस लागतो आटे पाडताना. १.५ मिमी पिच म्हणजे चकच्या एका फेरीत सॅडल बरोबर १.५ मिमी सरकली पाहिजे आणि प्रत्येक पासला टूल त्याच आट्यात उतरलं पाहिजे. फेरीला एकच पल्स देणारा सेन्सर लावला तर सुरुवातीची जागा आणि सरासरी वेग कळतो. पण कट लागला की छोटी मोटर दबते, आणि एका पल्सपासून दुसरीपर्यंत काय घडलं ते कंट्रोलला दिसत नाही. स्पिंडलवर पुरेशा रेघांचा एन्कोडर बसवला की चक मंदावताच सॅडलही त्याच प्रमाणात मंदावते. आटे पाडण्याची जी७६ सायकल पाठ करता येते. ती का चालते, हे तो एन्कोडर स्वतः बसवणाऱ्या मुलाला जास्त पक्कं कळतं.

असा लेथ भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या शॉपमध्ये उत्पादनाला लावू नये. मोटर लहान, चक लहान. हिशेब बसणार नाही. शिक्षणसंस्थेचा हिशेब वेगळा. तिथे लेथ सुधारण्याचं कामच खरं शिक्षण आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: कारखान्यात फानुक नाहीतर सीमेन्सचा कंट्रोल असतो, मग मुलांना हे कशाला? जी-कोडचा पाया सगळीकडे तोच. काही सायकल लिहिण्याची पद्धत तेवढी बदलते. बटणांच्या जागा नोकरीत शिकता येतात. होम स्विच, ड्राइव्ह, अर्थिंग, केबलमधला नॉइज या गोष्टी बंद पॅनेलसमोर बसून शिकता येत नाहीत. मग अलार्म आला की मुलगा सर्व्हिस इंजिनीअरची वाट बघत बसतो.

अट एकच, सुरक्षिततेची. इमर्जन्सी बटण संगणकाला विनंती करणारं नको. दाबताक्षणी ड्राइव्हची आणि स्पिंडलची वीज थेट तोडणारं हवं, कारण संगणक अडकलेला असतानाच त्याची गरज पडू शकते. चकवर गार्ड हवं आणि गार्डला स्विच हवा. एवढं पाळणं ज्या संस्थेला जमणार नाही तिने या कामाला हात लावू नये.

निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत डायलची मापं जोडणं सक्तीचं करा. बेड गेला असेल तर निर्लेखन समितीने सही करावी. फक्त कंट्रोल गेला असेल तर लेथ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून द्यावा. तयार प्रोजेक्ट विकत आणून सादर करणं आपल्याकडे नवीन नाही. पाऊल का चुकलं हे शोधायला लावणारा लेथ मात्र दुकानात तयार मिळत नाही.