आधी पाय, मग काठी
(द्वितीय वर्ष, कला)

आइस हॉकीवर लेख लिहिते आहे म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे रास्तच होते. मी आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. पण २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे भारताच्या मुलींनी आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या संघातील बहुतेक मुली लडाखच्या आहेत, हे वाचल्यापासून या खेळाने माझा पिच्छा सोडला नाही. जे सापडेल ते वाचले, मोबाईलवर सामने पाहिले आणि माझे एक मत पक्के झाले. खेळाडूच्या हाती काठी देण्याआधी त्याला बर्फावर सरकणे पद्धतशीर शिकवले पाहिजे. तिकडे या शिक्षणाला ‘पॉवर स्केटिंग’ म्हणतात.

‘सरकण्यात शिकवायचे काय? पडत-झडत येतेच की!’ असे कोणी म्हणेल. म्हणून थोडे त्यातले शास्त्र सांगते. आपण धावताना पाय मागे रेटतो, जमीन पावलाला धरते आणि अंग पुढे जाते. बर्फावर तसे रेटले तर पाते नुसतेच मागे निसटते. पाते आडवे मात्र निसटत नाही, ते बर्फात रुतते. म्हणून तेथे पाय बाजूला रेटावा लागतो. पात्याचा तळ सपाटही नसतो. मधोमध उभी पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक धार. कोणत्या क्षणी आतल्या धारेवर भार द्यायचा आणि कोणत्या क्षणी बाहेरच्या, यावर वळणे, थांबणे, उलटे जाणे सारे अवलंबून असते. शिवाय गुडघा चांगला वाकलेला हवा. जो पाय आधीच ताठ आहे तो आणखी काय ताठ होणार आणि रेटा कोठून देणार? रेटा संपला की पाय बर्फालगत ठेवून पुन्हा अंगाखाली आणायचा.

यातले काहीच आपोआप येत नाही. उलट, जो मुलगा एकटा शिकतो तो आधी न पडायला शिकतो. त्यासाठी तो ताठ उभा राहतो, आखूड पावले टाकतो. त्या सवयीने त्याचे लहानपणी रक्षण होते आणि मोठेपणी तीच त्याचा वेग खाते. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. खेळाडू सुमारे पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो, दुसरा आत जातो. त्या पाऊण मिनिटात ज्याचा निम्मा जोर वाया जातो, त्याचे काठीवरचे कसब काय कामाचे?

ही विद्या हॉकीवाल्यांना दिली ती फिगर स्केटिंगच्या बायकांनी, आणि ही गोष्ट मला फार आवडते. लॉरा स्टॅम या मूळच्या फिगर स्केटर. सत्तरच्या दशकात त्यांनी न्यूयॉर्क आयलँडर्स संघाच्या बॉब नायस्ट्रॉम या धिप्पाड खेळाडूला स्केटिंगचे धडे दिले. २४ मे १९८० रोजी जादा वेळेत गोल करून त्या संघाला पहिला स्टॅन्ली चषक मिळवून दिला तो याच नायस्ट्रॉमने. त्या गोलाचे सारे श्रेय शिकवणीला द्यावे असे मी म्हणणार नाही. तरी ज्या खेळात धक्काबुक्की हाच पुरुषार्थ समजतात, तेथल्या एका गड्याला बाईंकडे जाऊन पाय कसा ठेवावा हे विचारावेसे वाटले, हे थोडे नाही. पुढे कॅनडाच्या बार्बरा अंडरहिल, १९८४ च्या जोडी स्केटिंगमधील जगज्जेत्या, यांनीही व्यावसायिक हॉकी संघांना हेच शिकवले.

वेन ग्रेट्झ्कीचे नाव येथे हमखास पुढे केले जाते. तो काही सर्वांत वेगवान नव्हता, डोक्याने खेळायचा, मग शिकवणी कशाला? पण त्याच्या वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी गोठवून मैदान केले होते आणि त्यावर डबे मांडून ते पोराला त्यांच्याभोवती वळणे घ्यायला लावीत. ही शिकवणीच की! फक्त तिची फी नव्हती.

दुसरा आक्षेप मला अर्धा पटतो. चेंडूच्या जागी असलेली ती रबरी चकती न देता मुलांना तासन् तास नुसते घोटवले तर ती कंटाळतात, आणि तिकडे बर्फाचे मैदान तासावर भाड्याने घ्यावे लागते. श्रीमंतांच्या मुलांना वर्ग आणि बाकीच्यांनी कडेला उभे राहावे, असे झाले तर त्या विद्येचा उपयोग काय? माझे म्हणणे एवढेच, की सुरुवातीचे काही आठवडे जाणत्या माणसाने पाय घडवावेत, मग चकती यावी आणि पुढे दोन्ही बरोबर चालावे.

लडाखमध्ये तर हे अधिक लागू आहे. तेथे तळी गोठतात ती हिवाळ्यातले दोन-अडीच महिने. एवढ्या थोड्या दिवसांत सामनेच खेळावेत असे वाटणे साहजिक आहे. मला उलट वाटते. कॅनडातल्या पोराला चुकीची सवय मोडायला वर्षे मिळतात. ज्याला बर्फच मोजका, त्याला चुकीची सवय परवडत नाही. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली कॅनडाची हेली विकेनहायझर २०१८ मध्ये लडाखच्या मुलींना शिकवायला गेली होती. अशी माणसे दर हिवाळ्यात तेथे हवीत.

मला हे इतके का लागते, तेही सांगते. मी खो-खो खेळते. गावात आम्ही पळायला शिकलो ते शेळ्यांमागे. तालुक्याच्या शिबिरात एका बाईंनी आठवडाभर आम्हांला खो देऊच दिला नाही. खांबाशी वळताना कोणता पाय आत हवा, एकेरी साखळीत अंग किती खाली ठेवायचे, एवढेच घोटून घेतले. आम्ही मनात चिडलो होतो. महिन्याने माझ्यापेक्षा उंच मुली माझ्या हाती लागू लागल्या.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी वर्गात बसले तेव्हा टिपणे कशी काढायची हे सर्वांना ठाऊकच आहे असे धरून व्याख्याने चालत. ज्यांच्या घरी पुस्तके होती त्यांना ते ठाऊक होतेही. बर्फाकाठी जन्मलेल्यांचेही तसेच असेल. शिकवणीची गरज उशिरा आलेल्यांनाच जास्त, आणि ‘त्यात काय शिकवायचे’ हे ऐकावे लागते तेही त्यांनाच.

आपल्या मैदानावर सराव पहिल्याच दिवशी सामन्याने सुरू होतो. गेल्या हंगामात दोघींचे गुडघे दुखावले, दोघींचे वळताना. जिमखाना समितीला माझी विनंती आहे, की यंदा स्पर्धेआधीच्या पहिल्या आठ सकाळी आम्हांला खेळू देऊ नका. चुन्याच्या रेघा तेवढ्या आखून द्या आणि पाय पाहणारे कोणीतरी कडेला उभे करा.