जुन्या मशीनवर पैसे घालावेत काय?



कामाच्या घरून मिळालेले, जुन्या बाजारातून आणलेले किंवा ओळखीतून दोन-तीन हजारांत घेतलेले कपडे धुण्याचे मशीन आता आपल्या बऱ्याच घरांत आले आहे. बहुधा ते दोन टबांचे असते. एका टबात धुणे, दुसऱ्यात पिळणे. एक दिवस ते बंद पडते आणि घरात वाद सुरू होतो. कारभारी म्हणतात, जुन्यावर पैसा कशाला? सासूबाई म्हणतात, आम्ही काय मशीनवर धुतले होते? आणि जिच्या हाताने पुन्हा धुणे सुरू होणार, तिला कोणी विचारतच नाही.

आमचे म्हणणे असे की हिशेब तिच्यापासूनच धरावा. पाच माणसांचे कपडे, कामावरचा मळलेला गणवेश, शाळेचे सदरे, आठवड्याच्या चादरी. रोज दीड तास धरला तरी महिन्याचे 45 तास होतात. हे तास चार घरची धुणी-भांडी करून आलेल्या बाईच्या कमरेतून जातात. मेकॅनिकच्या बिलाचा आकडा सगळे मोजतात, हा मात्र कोणी मोजत नाही.

आता बिघाडाकडे पाहू. मशीन हूं-हूं करते पण तळाची चकती फिरत नाही, तर पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण चकती जागची हलत नाही, तेव्हा पट्टा सैल झाला किंवा तुटला असावा. हे सुटे भाग शे-दोनशेच्या आसपास मिळतात, मजुरी वेगळी. पाणी टबात ठरत नसेल तर निचऱ्याच्या झडपेत गुंडी, दोरा, एखादे नाणे अडकलेले असते; साफ केले की काम झाले. एवढ्यासाठी मशीन भंगारात काढू नये. पण कपॅसिटरला घरच्या घरी हात लावू नका. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

एका गोष्टीला उशीर अजिबात नको. पिळण्याच्या टबाखाली रबरी सील असते. ते झिजले की पाणी थेंब थेंब खालच्या मोटारीवर पडते. सील स्वस्त, मोटार हजाराच्या वर! मशीनच्या तळाशी ओल दिसली तर पगाराची वाट न पाहता सील बदलून घ्या.

हात लावताच झिणझिण्या आल्या तर मशीन त्याच क्षणी बंद करा. पिनला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. चाळीत, झोपडपट्टीत अनेक ठिकाणी अर्थिंगच नसते. कित्येकदा बोर्डात बसावी म्हणून तीन पायांच्या पिनचा जाड पाय तोडून टाकतात. मोरीच्या ओल्या फरशीवर हा खेळ जिवाशी आहे. आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, मग मशीन तपासा. अर्थिंग नीट असून मोटारीचीच वीज अंगावर उतरत असेल, पत्रा तळापासून गंजला असेल, तर अशा मशीनवर रुपयाही घालू नये.

मधले दुखणे अवघड. मोटार जळली, गिअरबॉक्स खडखडू लागला. तेव्हा दुरुस्तीची रक्कम भागिले मशीन किती महिने चालेल, असा हिशेब मांडा. 1,200 रुपये घालून वर्ष निघाले तर महिन्याला 100 पडले. नवे दोन टबांचे मशीन सात-आठ हजारांपासून पुढे येते. ते दहा हप्त्यांत घेतले तर महिन्याला 700-800. मात्र वर्षात तिसऱ्यांदा मेकॅनिक येत असेल तर तोच पैसा नव्यासाठी बाजूला ठेवावा. दुकानदार अदलाबदलीत पूर्ण ऑटोमॅटिक गळ्यात मारतो, तेव्हा घरी नळ किती वेळ असतो ते आठवा. दोन टबांच्या मशीनमध्ये पिंपातले पाणी बादलीने ओतता येते. साबणाच्या त्याच पाण्यात पांढऱ्यानंतर रंगीत कपडेही निघतात. नळाला जोर नसला की ऑटोमॅटिक नुसते थांबून राहते.

मेकॅनिककडून आधी खर्च विचारून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा, बिलावर किती दिवसांची हमी ते लिहून घ्या. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे देऊन घेतलेल्या सेवेलाही लागू आहे, आणि तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण वस्तीतल्याच आयटीआय शिकलेल्या पोराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये. मोठ्या दुकानात आपण करतो काय?

टाकायचेच ठरले तर आधी मेकॅनिकला विचारा. चालू मोटार, टायमर, झाकण दुसऱ्या कोणाच्या मशीनला लागते, म्हणून तो भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्तही देतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही येते. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याच्या हाती ते देऊ नका. तो धूर शेवटी आपल्याच वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो.

दुरुस्तीला सुटा भाग मिळेपर्यंत चार-आठ दिवस जातात. तेवढे दिवस आपापले कपडे ज्याने त्याने धुवावेत, थोरल्या मुलानेही आणि कारभाऱ्यांनीही. गोधडी पिळायला तर तसेही दोघे लागतात.