झुरळ कोणते, ते आधी ओळखा

पावसाळा लागला की पनवेलच्या चाळींतून आणि वसाहतींतून झुरळांची तक्रार सुरू होते. बोल मात्र घरच्या बाईला लागतो, 'घर नीट ठेवत नाही' म्हणून. आम्हाला हे पटत नाही. बोल लावण्याआधी झुरळ कोणते, ते पाहावे.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आढळतात. दीड इंच लांब, तांबूस-तपकिरी झुरळ हे गटारातले. त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात. गटारात पावसाचे पाणी भरले की ते मोरीतून वर येते. त्यात गृहिणीचा काय दोष? मोरीला बारीक जाळी बसवावी. चेंबरचे झाकण फुटले असेल तर शेजाऱ्यांनी मिळून महानगरपालिकेकडे अर्ज द्यावा.

दुसरे अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा, हीच त्याची खूण. हे जर्मन झुरळ. नाव जर्मन असले तरी त्याचा उगम सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारकडे झाला, असे शास्त्रज्ञांनी जनुके तपासून २०२४ साली सांगितले. ते माणसाच्या घरातच राहते. बाजारातल्या खोक्यांतून, जुन्या फ्रिजमधून, शेजारच्या खोलीतून येते. अंग वरून-खालून टेकेल अशी उबदार फट त्याला आवडते. फ्रिजच्या मोटारीमागे, ओट्याखाली बॅटरी मारून पाहावे. एका मादीच्या पिशवीत ३० ते ४० अंडी असतात. दिवसाही झुरळे फिरू लागली तर ती फार वाढली असे समजावे.

झुरळांची विष्ठा आणि कात यांमुळे मुलांचा दमा बळावतो, म्हणून हयगय नको. पण फवाऱ्याने थोडी मरतात, बाकीची शेजारी पळतात. त्यापेक्षा झुरळांच्या जेलचे बारीक ठिपके फटींत लावावेत आणि तिथे फवारा मारू नये. पिशवीतल्या अंड्यांना विष लागत नाही, म्हणून महिन्याने पुन्हा लावावे. विषारी खडू मुले पाटीवरचा समजून हाती घेतात. तो घरात नसलेलाच बरा. रात्री खरकटी भांडी घासून, ओटा कोरडा करून झोपावे.

चाळीत भिंती सामाईक असतात. एकट्या घराचा उपाय फार दिवस टिकत नाही. ओळीतल्या सर्व खोल्यांनी एकाच दिवशी औषध लावावे, एवढे आम्ही आवर्जून सांगतो.