लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये: २००५ सालची एक उपेक्षित साक्ष

१/ संगणकाचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या घोषणांवरून लिहिला जातो. इंटेलने २००६ साली ‘कोअर २ ड्युओ’ आणला आणि गिगाहर्ट्झची शर्यत थांबली, हे त्यातले रूढ कथन. आदल्याच वर्षी हौशी मंडळींनी लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये बसवून जे दाखवले, त्याला या कथनात स्थान नाही. ते असायला हवे.

२/ नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ची सारी रचना क्लॉक स्पीड वाढवण्यासाठी होती. एका सूचनेचे काम अनेक लहान टप्प्यांत वाटले की वेग चढवणे सोपे जाते. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’मध्ये हे टप्पे ३१ झाले. मात्र पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला, की अर्धे झालेले काम टाकून पुन्हा आरंभ! उष्णताही तशीच, वरच्या आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत पोहोचल्या.

३/ त्याच काळात इंटेलच्या हैफा (इस्रायल) येथील अभियंत्यांनी पेंटियम ३ च्या कुळातून लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ घडवला (मार्च २००३). त्याची पुढची आवृत्ती ‘डोथान’. गिगाहर्ट्झ कमी, पण क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला काम अधिक, आणि २.१३ गिगाहर्ट्झच्या चिपलाही २७ वॅट पुरत.

४/ हा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये का नको, हा प्रश्न साहजिकच होता. दोन्ही चिपना पिना ४७८च, परंतु विद्युतजोडणी भिन्न. त्यासाठी खास मदरबोर्ड निघाले, पण ते महाग. २००५ मध्ये आसुसने ‘सीटी-४७९’ हा ॲडॅप्टर आणला. चिप ॲडॅप्टरमध्ये, ॲडॅप्टर पेंटियम ४ च्या सॉकेटमध्ये, वर नवा बायॉस; तेही आसुसच्या निवडक बोर्डांवरच. चिपवर धातूचे झाकण नसे. कूलर किंचित तिरपा दाबला गेला, तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडण्याची धास्ती. इतके सांभाळून बसचा वेग वाढवला, की अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारी ही चिप अनेक गेममध्ये ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकी. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामांत मात्र ती उणी पडे. तिच्या भक्तांना हे सांगावेसे वाटत नसे.

५/ येथे कालक्रम जपला पाहिजे. हौशी लोकांनी इंटेलला वळवले, असे म्हणणे आकर्षक असले तरी चूक ठरेल. पेंटियम ४ चा नियोजित वारस ‘तेजस’ मे २००४ मध्येच रद्द झाला होता. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ सोडून दिल्यावर इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर व्यासपीठावर गुडघे टेकून क्षमा मागितली होती. ॲडॅप्टर त्यानंतरचा. तो कारण नव्हे, साक्षीदार आहे: जाहिराती अजून गिगाहर्ट्झ मोजत असताना, घरच्या टेबलावर कुणालाही पडताळता येईल असा.

६/ जुलै २००६ मध्ये डेस्कटॉपसाठी कोअर २ ड्युओ आला. बहुतेक आवृत्त्या ६५ वॅटच्या. रचना त्याच हैफा केंद्राची.