वाऱ्याचा मीटर घेताना

गेल्या उन्हाळ्यात चिखलीत एका नातेवाइकांच्या वलीम्याला आम्ही गेलो होतो. पंगत बसली आणि वळवाचा वारा सुटला. महिलांच्या बाजूची कनात बांबूंसकट आडवी झाली. अल्लाहच्या कृपेने कुणाला इजा झाली नाही. पण 17 एप्रिल 2023 ची किवळ्याची घटना आठवून जीव थरथरला. वादळी पावसात माणसे जाहिरातीच्या फलकाच्या आडोशाला थांबली होती. फलक कोसळला आणि पाच जीव गेले.

यंदा आमच्याच घरी लग्न आहे, मांडव मैदानात. म्हणून हातात मावणारा वाऱ्याचा मीटर घ्यायचे ठरवले. तो तीन प्रकारचा मिळतो. तापलेल्या तारेचा मीटर नाजूक. तो कारखान्यातल्या हवेच्या नळ्यांसाठी ठीक, चाकणच्या धुळीत नको. वाट्यांचा मीटर कोणत्याही दिशेचा वारा मोजतो, पण खिशात मावत नाही. छोट्या पंख्याचा मीटर घरासाठी पुरेसा; फक्त पंखा वाऱ्याच्या समोर धरावा लागतो. घेताना दोन गोष्टी पाहा : ताशी किलोमीटरमध्ये आकडा दिसतो का, आणि सर्वांत जोराच्या झोताचा आकडा लक्षात राहतो का. मांडव सरासरी वाऱ्याने नव्हे, झोताने उडतो. मोजताना भिंतीपासून दूर, मोकळ्यावर उभे राहून हात उंच धरा.

वर्गात आम्ही मुलांना शिकवतो, वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच कनातीवर ताशी 36 किलोमीटरचा वारा सुमारे 55 किलोचा जोर लावतो. 72 किलोमीटरचा वारा सव्वादोनशे किलोचा. म्हणून मांडववाल्याला आधीच विचारावे, किती वारा सोसेल? आम्ही आमच्यापुरती ताशी 30 ची मर्यादा ठरवली आहे. तेवढ्या वाऱ्यात लहान झाडे डोलू लागतात.

मात्र मीटर आत्ताचा वारा सांगतो, पुढच्या क्षणाचा नाही. काळे ढग चढले, गडगडाट झाला, तर आकड्याची वाट पाहू नये. लग्नघरात “बसा, वारा जाईल” म्हणणारे पुष्कळ असतात. “उठा” म्हणणारा एक जण आधीच नेमावा. आमच्याकडे ते काम मुलीच्या मामूंवर सोपवले आहे. त्यांचा शब्द मोडायचा नाही, मग बिर्याणी थंड झाली तरी चालेल.