बालशिक्षणाची पदविका आणि घरचा हिशेब

भगिनींनो, गेल्या वर्षी आमच्या समाजमंदिरात एक अंगणवाडी सेविका भेटल्या. हातात इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, माहितीपुस्तिका होती. म्हणाल्या, "दादा, बारावी होऊन अठरा वर्षे झाली. बालसंगोपन आणि शिक्षणाची ही पदविका झेपेल का मला? घरचे म्हणतात, पोरं सांभाळायला कसली आलीय पदविका!"

घरच्यांच्या त्या बोलण्याचा मला राग आला. पण मी पडलो कॉमर्सचा, कारकुनी करणारा माणूस. तिथेच बसून हिशेब मांडला. बारावी पास असले की प्रवेश मिळतो. शिक्षणक्रम 32 श्रेयांकांचा, आणि एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे झाले 960 तास. एका वर्षात उरकायचे तर सणवार न सोडता रोज दोन तास अडतीस मिनिटे! बाई गप्प झाल्या. मग दोन वर्षे धरली, तेव्हा रोजचा एक तास एकोणीस मिनिटे आला. "तेवढं जमेल," त्या म्हणाल्या, "पण पहाटेचं पाणी दुसऱ्या कुणी भरलं तर."

आपल्या कितीतरी भगिनींचे शिक्षण नेमके इथेच अडते. रोज वर्गात जावे लागत नाही, परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, हिंदी माध्यमही घेता येते. विद्यापीठाने एवढी सोय केली, तरी रात्रीचा एक तास घरच्यांनीच मोकळा करून द्यावा लागतो. नवरेमंडळींनी हे जरा मनावर घ्यावे.

आता "पोरं सांभाळायला कसली पदविका" याचे उत्तर. मूळ राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाला मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्यांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा एवढेच राहिले. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले नर्सरीत जातात. वस्तीतल्या मुलाला अंगणवाडीच. तिथली ताई किती जाणती आहे, यावर त्याची पहिली तीन वर्षे अवलंबून असतात.

32 पैकी 8 श्रेयांक प्रकल्पकार्याचे आहेत. मुलांमध्ये बसून उपक्रम घ्यायचे, निरीक्षण करायचे, लिहून काढायचे. आमच्या या ताईंना एकाने तयार प्रकल्प विकत देऊ केला होता. नाव बदलायचे की झाले! ताई मोहात पडल्या होत्या, हे त्यांनीच सांगितले. पण मग स्वतःच वही घातली. महागडी साधने नव्हतीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पाने घेऊनच शिकवले. ताईंनी तूर, हरभरा, चिंचोके एकत्र करून ठेवले आणि मुलांना वेगळे करायला लावले. पालक विचारत, "एबीसीडी कधी शिकवणार?" बी चिमटीत धरता धरता बोटे तयार होतात, पेन्सिल नंतर, हे ताईंनी पुस्तकात वाचले होते. आता त्या तेच पालकांना सांगू लागल्या.

एक चार वर्षांचा मुलगा बिया झटपट निवडायचा, पण बोलायचा नाही. सगळे त्याला मठ्ठ समजत, ताईसुद्धा. रोज पंधरा मिनिटे त्याच्याविषयी लिहिताना आठव्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, की समोरून हाक मारली तर तो बघतो, पाठीमागून मारली तर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. ताईंनी वही पथकातल्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी कान तपासणीसाठी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. विकतच्या प्रकल्पात हा मुलगा कुठून आला असता?

आणखी एक. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे, तीही काम न सोडता, दूरशिक्षणाने. ते वेगळे आणि इग्नूची पदविका वेगळी. तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या पर्यवेक्षिकांना विचारा. खासगी संस्था नोकरीची हमी देऊ लागली तर आधी तिची मान्यता कागदावर मागा, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

ताईंचे दोन पेपर झाले आहेत, दोन्हीत पास. पहाटेचे पाणी आता नवरा भरतो. आणि संध्याकाळी त्या घरी आल्या की सासूबाई पहिल्यांदा विचारतात, "त्या पोराच्या कानाचं काय झालं गं?"